अप्पांचं धोतर आणि पश्चिमेची भिंत

माझ्या सासऱ्यांच्या खोलीला वास यायचा. हे असं सरळ लिहिलं की घरातले म्हणतील, अगं, काहीतरी काय लिहितेस, लोक काय म्हणतील! पण यायचा म्हणजे यायचा. भिजलेल्या गोणपाटासारखा, आणि तोही पावसाळ्यातच. आमच्या धारवाडात पाऊस कोसळून मोकळा होत नाही, तो मुक्काम ठोकतो. चहा पिऊन झाला, गप्पा संपल्या, तरी पाहुणा उठायचं नाव घेत नाही ना, तसा. इथं त्याला कन्नडमध्ये जिटीजिटी मळे म्हणतात. छत्री उघडायला लाज वाटते आणि न उघडावी तर शाळेत पोचेपर्यंत पदर ओला. बसनं तासाभरावर असलेल्या हुबळीत मात्र तेव्हा म्हणे ऊन असतं. हे माझे थोरले दीर दर फोनवर सांगतात, जणू ते ऊन त्यांनीच पाडलंय.

घर आमचं स्लॅबचं. सासऱ्यांची वकिली जोरात चालत होती तेव्हा त्यांनी बांधलेलं. त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. मागच्या अंगाची खोली त्यांची, आणि तिची एक भिंत पश्चिमेला, पावसाच्या तोंडावर. जुलै आला की त्या भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटायचे, मग त्यांचे डाग व्हायचे, मग लाकडी कपाटाच्या पाठीला बुरशी धरायची. आणि मग अप्पांचा खोकला सुरू व्हायचा. ऐंशी ओलांडलेला माणूस, छाती आधीच नाजूक. ते खोकायला लागले की मी स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता थांबायची. खोकला थांबला की पुन्हा लाटणं फिरायचं.

उपाय केले नाहीत असं नाही हो. गच्चीवर भेग होती, ती भरून वर पाणी न मुरणारा थर दिला. भिंतीचा बाहेरचा गिलावा खरवडून नवा केला. आतून थोरल्या दिरांनी हौसेनं ऑइलपेंट मारून घेतला, कारण काय, तर डाग पडला तरी फडक्यानं पुसता येतो. गवंड्यानं काम चोख केलं होतं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. गच्चीवर पाणी साठवून बघितलं, थेंब उतरला नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात ऑइलपेंटच्या गुळगुळीत भिंतीवरून पाण्याचे ओघळ यायला लागले! आधी नुसती ओल होती, आता भिंत रडायला लागली.

दीर आले. हुबळीच्या केशवापुरात तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे, ऐसपैस, उजेडाचा. खोलीत शिरले, नाक मुरडलं, भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. मीच ती भिंत ओली केली असावी असं बघितलं माझ्याकडं.

"गणपती झाले की अप्पांना मी घेऊन जातो," ते म्हणाले. "ह्या कोंडवाड्यात त्यांचा जीव जाईल."

राग आला मला, पण खोटं थोडंच होतं? अप्पा खाटेवर बसले होते. एरवी हा माणूस आमटीत मीठ कमी आहे म्हटलं तरी पुरावा मागतो, उलटतपासणी घेतो. त्या दिवशी नाही. नुसते खिडकीकडं बघत बसले. तेव्हा मला कळलं की त्यांना जायचं नाहीये.

आणि मलाही ते जायला नको होते. हे आधीच सांगून टाकते. लोकांना वाटतं, सासऱ्याचं करायचं म्हणजे सुनेच्या डोक्याला ताप. असेल कुणाच्या. माझी शाळा सुटली की अप्पांशी भांडल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, ते म्हणतात विज्ञान साक्षीदार म्हणून बरं, पण निकाल त्याचा नाही. पेपरातली एकेक बातमी घेऊन आम्ही वाद घालतो. माझा नवरा बँकेतून येतो तो मधे पडत नाही, टीव्हीचा आवाज तेवढा वाढवतो. कोपऱ्यावरच्या देवळाच्या पायरीवर अप्पांची चार म्हाताऱ्यांची बैठक असते, निम्मी कन्नडात, निम्मी मराठीत. केशवापूरच्या तिसऱ्या मजल्यावर ह्यातलं काय मिळणार? लिफ्टचं बटण?

शाळेत आठवीला धडा होता. बाष्प, संघनन, थंड पेल्यावरचे थेंब. दर वर्षी शिकवते. फ्रिजमधल्या पाण्याचा स्टीलचा पेला टेबलावर ठेवते, त्याला बाहेरून थेंब सुटतात, आणि विचारते, हे पाणी पेल्यातून आलं का? सगळा वर्ग ओरडतो, नाही, हवेतून! त्या दिवशी वर्ग ओरडला आणि माझ्या हातातला खडू तसाच राहिला. अगं बाई, म्हटलं, आपण छत खणून काढलं, बाहेरची भिंत सोलून काढली, पण हे पाणी भिंतीतून येतंय असं आपल्याला सांगितलं कोणी?

घरी आले. साडीच्या दुकानातून येते ती जाड पारदर्शक पिशवी कापली, भिंतीचा एक तुकडा फडक्यानं कोरडा केला, त्यावर तो प्लॅस्टिकचा चौकोन ठेवला आणि चारी कडांना चिकटपट्टी लावली. अप्पा चष्म्यावरून बघत होते.

"हे काय?"

"साक्षीदार. पाणी भिंतीतून येत असलं तर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरतील. खोलीतल्या हवेतून येत असलं तर बाहेरच्या बाजूला."

"आणि दोन्हीकडं आले तर?"

"तर तुमचं माझं दोघांचं नशीब फुटकं."

हसले. खोकला आला. पुन्हा हसले.

दोनेक दिवसांनी सकाळी बघितलं तर प्लॅस्टिकच्या वरून, खोलीच्या बाजूनं, दव पडल्यासारखे थेंब. चिकटपट्टी सोडवली, आत हात घातला, कोरडं ठणठणीत. भिंत बिचारी निर्दोष होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही, आणि तीही दोनदा.

मग खोलीत चोर शोधायला मान वर केली आणि वरच अडकली.

छताजवळ आडवी बांबूची दांडी टांगलेली, आणि तिच्यावर अप्पांचं पूजेचं धोतर, पंचा आणि उपरणं. हे सोवळ्याचे कपडे. अप्पा रोज अंघोळीच्या वेळी ते स्वतः धुतात आणि काठीनं उचलून त्या दांडीवर टाकतात, म्हणजे कुणाचा हात लागायला नको. दुसऱ्या दिवशी तेच नेसून पूजा. सासूबाई होत्या तोवर त्या करायच्या, त्या गेल्यापासून अप्पा. पण आताशा त्यांच्या हातात पिळायला जोर उरलेला नाही. धोतर निथळत असायचं. खाली परात ठेवलेली, थेंब थेंब पडून तिच्यात पाणी साठायचं. आणि छातीत वारं भरू नये म्हणून खिडकी घट्ट बंद, तिच्या फटीत पेपरचे बोळे. दुसऱ्या सकाळपर्यंत धोतर वाळायचं, परातही आटायची. ते सगळं पाणी जायचं कुठं? खोली सोडून त्याला जायला वाट होतीच कुठं? रोजचं तांब्या-दोन तांबे पाणी आम्ही हवेत सोडत होतो, रात्री गार पडलेली भिंत ते अंगावर घेत होती, आणि अप्पा त्या हवेत झोपत होते.

मला आनंद झाला आणि लगेच तो ओसरलाही. कारण हे अप्पांना सांगायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

आता थोडं मागचं सांगायला पाहिजे. मी अळणावरजवळच्या खेड्यातली. शेतकऱ्याची, मराठ्यांची मुलगी. हे घर ब्राह्मणाचं. धारवाडच्या कॉलेजात आमची ओळख झाली आणि लग्न झालं. आदळआपट फारशी झाली नाही. सासूबाई थोडं रडल्या, मग माझ्या हातच्या भाकऱ्या आवडल्या, मग त्या माझ्याच बाजूनं मुलाशी भांडायला लागल्या. अप्पांनी पहिल्या दिवशी विचारलं, बुद्धिबळ येतं का? येतं म्हटलं. संपला विषय. तीस वर्षांत ह्या घरात मला कुणी कमी लेखलं नाही. पण देवघरातलं ताम्हण आणि ती दांडी, ह्या दोन गोष्टींना माझा हात लागला नाही. लावू नकोस असं कधी कुणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही. खोली झाडताना धोतराचा सोगा लोंबत असला तर मी अंग चोरून पलीकडं जायची. वाईट वाटायचं का? वाटायचं. रोज नाही, सणावाराला. सगळं घर माझ्या हातचं जेवतंय आणि आरतीच्या वेळी मी दारात उभी, तेव्हा वाटायचं. मग पंगत बसायची आणि विसरून जायची. सुख बरंच होतं, त्यात एवढा एक खडा.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"तू आणि तुझं विज्ञान. मला ह्यात ओढू नको. अण्णाला सांग पाहिजे तर, तो थोरला आहे."

"अण्णाला सांगितलं तर ते काय म्हणतील? चला हुबळीला, तिथं बाल्कनी आहे."

"मग तूच सांग. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची सवय तुलाच आहे."

आधी आजूबाजूचं उरकलं. कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं, म्हणजे मागं हवा खेळेल. ऑइलपेंट पत्र्यानं खरवडून काढला आणि चुन्याचा हात मारला. चुना ओल धरतो तशी सोडतोही, आणि बुरशीला तो मानवत नाही. गच्चीवर पत्र्याची शेड होती, तिच्यात दोरी ताणून बांधली. वरून पाऊस नाही, चारी बाजूंनी वारं, कपडे वाळायला ह्याहून चांगली जागा नाही. पण गच्चीचा जिना बाहेरून, उघडा, पावसात शेवाळलेला. अप्पांचे गुडघे पायरी चढायला तयार नसतात. तेव्हा धोतर वर जायचं तर कुणीतरी न्यायला हवं. नवरा बँकेसाठी पहाटेच बाहेर पडायचा, त्याची बदली तेव्हा बेळगावला होती. घरात दुसरं होतं कोण? मीच.

एका रविवारी चहाचे कप घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि सगळा खटला मांडला. प्लॅस्टिक दाखवलं. परात दाखवली. खिडकीतले बोळे दाखवले. म्हटलं, अप्पा, भिंतीची चूक नाही, छताची नाही. हे पाणी तुमच्या धोतराचं आहे. धोतर गच्चीवर वाळायला हवं आणि ही खिडकी दुपारची उघडी राहायला हवी. एवढं केलं तर भिंत सुकेल. नाहीतर भाऊजी नेतील, आणि मला त्यांना अडवता यायचं नाही. तुम्ही गेलात तर मला करमायचं नाही.

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं, आपोआप गेलं तोंडून.

अप्पांनी कप बशीत ठेवला. वर दांडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"नोडोण," ते म्हणाले. बघू. अप्पा कन्नडवर आले की तारीख पडली असं समजायचं.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी दिसली, बोळे केरात. बरं वाटलं. पण धोतर दांडीवरच. त्याच्या पुढच्या दिवशीही. आणि मग एका सकाळी मागच्या अंगणात काहीतरी खणकन वाजलं म्हणून धावले, तर हा गृहस्थ एका हातात बादली, दुसऱ्या हातानं कठडा धरून त्या शेवाळलेल्या जिन्यावर! वरून जिटीजिटी चालूच. बादली पायरीवर आपटली होती, त्याचा तो आवाज.

माझं डोकंच फिरलं. मास्तरीणबाईंची मराठी गेली आणि अळणावरची तोंडातून बाहेर पडली.

"खाली या आधी! काय करायलात काय? हाडं मोडून घ्यायचीत काय ह्या वयात?"

"ओरडू नकोस. मी बहिरा नाही."

"बहिरे नाही, हट्टी आहात! जीव गेला तरी चालेल पण—" इथं मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. "माझा हात लागला तर तुमचा देव काय घर सोडून पळून जाणार आहे का?"

तीस वर्षांत जे बोलले नव्हते ते पावसात उभं राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले. अप्पांनी मान वळवली. मी पुढं होऊन त्यांचा दंड धरला, त्यांनी धरू दिला, एकेक पायरी करत खाली आणलं. बादली त्यांनी स्वतःच्याच हातात ठेवली. खोलीत गेले. काठी दांडीला लागल्याचा आवाज आला.

त्या दिवशी शाळेत मी पोरांवर उगाचच करवादले. संध्याकाळी वाद नाही, पेपर नाही. अप्पा जेवले, हात धुतले, झोपायला गेले. मनात म्हटलं, भोग आता. भिंत सुकवायला निघालीस आणि माणूस गमावून बसलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी उभी होते. केस सुटे, अंगावर रात्रीचीच साडी, चहाला आधण ठेवलेलं. मागं बादलीच्या कडीचा आवाज आला. वळले तर अप्पा. त्यांनी बादली माझ्या पायाशी ठेवली. आत धोतर, पंचा, उपरणं, सगळं ओलंगच्च.

"वर घालून ये," ते म्हणाले. "नीट पीळ, मला पिळवत नाही. आणि चिमटे लाव, वारं आहे."

जे तोंडात आलं ते म्हणाले.

"अप्पा, माझी अंघोळ व्हायचीय अजून."

"मी विचारलं का?"

एवढं बोलून ते देवळाकडं जायला चपला शोधायला लागले. मी गॅस बंद केला, बादली उचलली आणि जिन्यावर रडले. भरपूर रडले, कशाला लपवू? मग नाक पुसलं, धोतर पिळून झटकलं, आणि दोरीवर टाकते न टाकते तोच खालून अंगणातून हाक: "काठ सरळ ठेव! मधे घडी पडू देऊ नको!" देवळाला गेले नव्हतेच. मान वर करून उभे होते.

पश्चिमेची भिंत एका दिवसात सुकली नाही. हळूहळू वास उतरला. चुन्यावर आलेले दोनचार ठिपके पुसले, ते पुन्हा आले नाहीत. खोकला अगदी गेला असं म्हणणार नाही, म्हातारपण आहे शेवटी, पण पोळी लाटताना मला थांबावं लागेनासं झालं.

गणपती झाले आणि दीर आले. येतानाच फोनवर सांगितलं होतं, अप्पांचे कपडे भरून ठेव. मी भरले नव्हते. खोलीत शिरले, नाकानं हवा ओढली, भिंतीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग वर बघितलं तर दांडी रिकामी.

"सोवळं कुठंय?"

"गच्चीवर," अप्पा म्हणाले. "ही घालते."

दिरांनी माझ्याकडं बघितलं, मग अप्पांकडं. सासूबाई गेल्या तेव्हा ह्याच मुलानं, थोरल्यानं, धोतर धुवायला हात पुढं केला होता, आणि अप्पांनी त्याला तोडून टाकलं होतं, तू हॉटेलात खातोस, हात लावू नकोस. मला ते आठवलं. त्यांनाही आठवलं असणार, चेहरा तसाच झाला. पण माणूस हट्टाला बापावर गेलेला. खाटेच्या कडेला बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "भिंत सुकली, चांगलं झालं. पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच सगळं कशाला? माझ्याकडं चला. बाल्कनी आहे, ऊन आहे. सोवळ्याचं म्हणाल तर मी स्वतः वाळत घालीन. बाहेरचं खाणं सोडतो पाहिजे तर."

मी दारात उभी होते. मुलगा एवढं म्हणतोय म्हटल्यावर बापानं जायला हवं, मलाही ते पटत होतं, तरी मी दारातून हटले नाही.

अप्पांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला, मायेनं.

"तुला नाही जमायचं रे," ते म्हणाले. "हिला जमतं."

दीर जेवले, दोनदा आमटी घेतली, आणि संध्याकाळच्या बसनं एकटेच हुबळीला गेले.